कोरियन भुताला काहीतरी सांगायचं असतं

कोरियन भयपट पहिल्यांदा बघणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. अर्धा-पाऊण तास झाला तरी भुताचा पत्ता नाही. घरात धुसफूस चाललीय, पोलीस चौकीत टिवल्याबावल्या चालल्यात, शाळेत मास्तर पोरींना फोडून काढतोय, आणि आपण वाट बघतोय की सिनेमा सुरू कधी होणार. गेल्या काही आठवड्यांत मी असे बरेच सिनेमे ओळीनं पाहिले, त्यातले काही दुसऱ्यांदा. माझं मत असं झालंय की त्या अर्ध्या तासातच सगळं सुरू झालेलं असतं. तिथे कुणीतरी काहीतरी सांगायचा प्रयत्न करतंय आणि ज्यानं ऐकायला हवं तो ऐकत नाहीये. पुढचं भूत तिथूनच निघतं.

हे पटायला कोरियाची एक जुनी लोककथा माहीत हवी. ती आधी सांगतो. आणि एक सूचना: पुढे काही सिनेमांची रहस्यं उघडी पडणार आहेत, त्याशिवाय मुद्दा सांगताच येत नाही.

कोरियातल्या जुन्या राजघराण्याच्या, जोसॉन राजवटीच्या काळातली ही गोष्ट. चॉलसान नावाच्या गावात जांगह्वा आणि होंगर्योन या दोन बहिणी. आई वारली, बापानं दुसरं लग्न केलं. जांगह्वाचं लग्न करायची वेळ आली तेव्हा सावत्र आईला तो खर्च डोळ्यात खुपायला लागला. तिनं एक उंदीर मारून सोलला, मोठीच्या अंथरुणात ठेवला आणि सकाळी बापाला बोलावून दाखवला: ही बघा तुमची लेक, लग्नाआधीच दिवस गेले आणि आता पोट पाडून बसलीय. बापानं एका शब्दानं विचारलं नाही. सावत्र भावानं जांगह्वाला तळ्यात ढकललं. मागोमाग धाकटीनंही त्याच तळ्यात जीव दिला.

मग दोघींची भुतं निघाली, आणि ती गेली कुठे? थेट सरकारी न्यायाधिकाऱ्याकडे. नवा अधिकारी गावात रुजू झाला की रात्री दोघी त्याच्यासमोर उभ्या राहायच्या आणि तो घाबरून जागच्या जागी मरायचा. एकामागून एक अधिकारी असे गेले. शेवटी एक धीराचा माणूस आला. त्यानं पळून न जाता विचारलं की तुम्ही कोण, तुमचं म्हणणं काय. दोघींनी सगळं सांगितलं, पुरावा कुठे सापडेल तेही सांगितलं. त्यानं तो ‘गर्भ’ मागवून फाडायला लावला, तर आत उंदराच्या लेंड्या निघाल्या. सावत्र आईला देहदंड झाला आणि भुतं पुन्हा आली नाहीत.

याच धाटणीची दुसरी कथा मिर्यांग शहरातल्या आरांगची. तीही अशीच मारली गेलेली अधिकाऱ्याची मुलगी, तिलाही बघून अधिकारी मरतात, आणि तिचंही म्हणणं शेवटी एकजण ऐकतो. तिच्या नावाचं देऊळ तिथे नदीकाठी आजही आहे.

या कथांमधली भुतं कुणाचा गळा धरत नाहीत. ती अर्ज घेऊन आलेली असतात. मरणारे मरतात ते स्वतःच्या भीतीनं, अर्ज न वाचताच. एवढं ध्यानात ठेवून आजचे सिनेमे बघा, निम्म्याहून जास्त गोष्टी आपोआप उलगडतात.

ही भुतं बहुतेक वेळा तरुण, बिनलग्नाच्या मुलींचीच का, यालाही कारण आहे. जोसॉन काळात समाज कन्फ्यूशियसच्या शिकवणीवर चालायचा. घराण्याच्या पूर्वजांची श्राद्धं मुलगा करणार, म्हणजे बाईला नवऱ्याच्या घरात आणि मुलाच्या हातून जागा मिळणार. लग्नाआधी मेलेल्या मुलीला ना नवऱ्याचं घर ना पान वाढणारा मुलगा. जिवंतपणी तिला बोलायचा हक्क नव्हता आणि मेल्यावर तिचं नाव घेणारं कुणी नाही. अंगावर सुतकातले पांढरे कपडे आणि मोकळे सोडलेले केस, हे तिचं ठरलेलं रूप. सर्वपित्री अमावास्या पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यातली बोच वेगळी समजावून द्यावी लागणार नाही.

आता सिनेमे.

‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’ हा किम जी-उनचा 2003 सालचा सिनेमा त्याच दोन बहिणींच्या कथेवर उभा आहे. कथा तीच ठेवून त्यानं आतून सगळं उलटं केलंय. फुलाफुलांच्या वॉलपेपरनं भरलेलं एक सुंदर घर, इस्पितळातून परतलेली थोरली सू-मी, भित्री धाकटी सू-यॉन, गप्प बसणारा बाप आणि तरुण सावत्र आई. पहिल्या वेळी बघताना आपण सावत्र आईचा राग करत राहतो. खरं काय ते शेवटी कळतं, आणि ज्या प्रसंगातून कळतं तो भुताचा नाहीच.

त्या प्रसंगात मुलींच्या आईनं कपाटात गळफास घेतलाय. धाकटी तिला ओढून काढायला जाते आणि अख्खं कपाट तिच्या अंगावर पडतं. आवाज घरभर जातो. सावत्र आई, जी तेव्हा अजून सावत्र आई झालेली नाही, खोलीच्या दारापर्यंत येते. कपाटाखाली हात हलताना तिला दिसतो. ती मागे फिरते, मग मन बदलून पुन्हा जायला निघते, तेवढ्यात बोळात थोरली भेटते. दोघींमध्ये दोन वाक्यांची चकमक होते. सांगायचं ते सांगायचं राहतं. थोरली तणतणत घराबाहेर निघून जाते आणि वर धाकटीचा श्वास संपत असतो.

या प्रसंगात दचकवणारं संगीत नाही, रक्त नाही. एक बाई एक वाक्य बोलत नाही, बस. मला या सगळ्या सिनेमांमधली सर्वांत भयानक दोन मिनिटं हीच वाटतात. लोककथेत शेवटी ऐकणारा अधिकारी येतो, इथे कुणीच येत नाही. म्हणून थोरलीचं मन ते घर पुन्हा पुन्हा उभं करत राहतं. हा सिनेमा दुसऱ्यांदा बघायलाच हवा, कारण दुसऱ्या वेळी जेवणाच्या टेबलावर कोण कुणाशी बोलतंय आणि बाप कुणाकडे बघतोय हे दिसायला लागतं.

याच्या पाच वर्षं आधी, 1998 मध्ये, ‘व्हिस्परिंग कॉरिडॉर्स’ आला होता. आजच्या डोळ्यांना तो जरा कच्चा वाटेल, पण तो त्या वेळी का बनू शकला हे समजून घेण्यासारखं आहे. कोरियात अनेक वर्षं सिनेमे आधी सरकारला दाखवून पास करून घ्यावे लागत. 1996 मध्ये तिथल्या संवैधानिक न्यायालयानं अशी पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरवली. दोनच वर्षांत एक सिनेमा येतो आणि मुलींच्या शाळेत शिक्षक विद्यार्थिनींना कसं वागवतात हे उघडपणे दाखवतो: मार, लगट, हुशार पोरीला दुसरीविरुद्ध उभं करणं. कोरियात कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेच्या दिवशी इंग्रजीचा श्रवणभाग चालू असताना विमानांची उड्डाणं थांबवतात, यावरून त्या परीक्षेचं वजन किती ते समजा. सिनेमातलं भूत ही एक विद्यार्थिनीच आहे. मेल्यावरही ती वर्षानुवर्षं त्याच शाळेत वर्गात येऊन बसते, नाव बदलते, आणि एकाही शिक्षकाच्या लक्षात येत नाही. शिक्षकांनी मुलींच्या तोंडाकडे कधी बघितलंच नाही, हे सांगायला याहून चांगली युक्ती मला सुचत नाही.

मग हाच न ऐकणारा माणूस मोठा होत होत सरकार होतो. बोंग जून-होच्या ‘द होस्ट’मध्ये (2006) हान नदीतून एक राक्षसी जनावर बाहेर येतं. त्याची सुरुवात खऱ्या घटनेवर बेतलेली आहे: 2000 साली सोलच्या योंगसानमधल्या अमेरिकी लष्करी तळावर शवागारातलं फॉर्मल्डिहाइड मोरीत ओतून देण्यात आलं होतं आणि त्यावरून कोरियात मोठा गदारोळ झाला. सिनेमात जनावर एका शाळकरी मुलीला उचलून नेतं. ती गटारातून बापाला फोन करते. बाप पोलिसांना सांगतो, डॉक्टरांना सांगतो की पोरगी जिवंत आहे. कुणी विश्वास ठेवत नाही, कारण सगळी यंत्रणा एका विषाणूमागे धावतेय, जो मुळात नाहीच. एका प्रसंगात तो रडत रडत विनवतो की माझं बोलणं मध्येच तोडू नका. बापाचं काम करणाऱ्या सोंग कांग-होनं तो प्रसंग असा केलाय की जनावर विसरायला होतं.

‘ट्रेन टू बुसान’ (2016) बहुतेकांनी पाहिलेला असतो, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. यॉन सांग-होच्या या सिनेमात भूत नाही, झोंबी आहेत, आणि गाडी सोलहून बुसानला चाललीय. टीव्हीवर सरकार सांगतं की परिस्थिती आटोक्यात आहे. कोरियन प्रेक्षकानं हे ऐकलं तेव्हा त्याला दुसरं काही आठवलं असणार. 16 एप्रिल 2014 रोजी सेवोल नावाची बोट बुडाली आणि 304 माणसं गेली. त्यातले बहुतेक एकाच शाळेचे सहलीला निघालेले विद्यार्थी होते. बोट कलत असताना ध्वनिक्षेपकावरून त्यांना सांगितलं जात होतं की जागचे हलू नका, आणि कप्तान मात्र बोट सोडून निघाला होता. सिनेमा कुठेही सेवोलचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नव्हती.

त्यातला दरवाजाचा प्रसंग बघा. जीव मुठीत धरून झोंबींच्या डब्यांतून आलेली माणसं सुरक्षित डब्याच्या दारावर थापा मारतायत, आणि आतले प्रवासी दार आतून धरून उभे आहेत. आतल्या लोकांत एक म्हातारी आहे. बाहेरच्यांमध्ये तिची बहीण होती, ती आत पोचत नाही. काचेपलीकडे झोंबी झालेल्या बहिणीकडे ती बघते, मग डब्यातल्या घाबरट, निर्दयी माणसांकडे बघते, आणि शांतपणे उठून दार उघडते. जांगह्वा-होंगर्योनची कथा माहीत असेल तर दोन बहिणींचा हा शेवट वेगळाच लागतो. कोरियाच्या पाचेक कोटी लोकसंख्येत एक कोटीवर तिकिटं विकली गेली ती केवळ झोंबींच्या धावपळीसाठी, असं मला वाटत नाही. त्याचा पुढचा भाग ‘पेनिन्सुला’ (2020) मात्र सोडून दिलात तरी चालेल, त्यात नुसत्या गाड्या पळतात.

आता मुदांगबद्दल, कारण तिच्याशिवाय पुढचे दोन सिनेमे कळणार नाहीत.

मुदांग म्हणजे कोरियातली अंगात येणारी बाई. पुरुषही असतात, पण मोठा भरणा बायकांचा. यातल्या बऱ्याच जणींची सुरुवात आजारपणापासून होते. औषधानं न हटणारं दुखणं, झोप उडणं, भास. जाणते सांगतात की देव तुला मागतोय, त्याला हो म्हटल्याशिवाय सुटका नाही. मग दीक्षेचा विधी होतो आणि ती मुदांग होते. केसात जट आली म्हणजे यल्लम्मानं बोलावलं, असं मानून देवाला सोडलेल्या जोगतिणी आपल्याकडे आहेत, म्हणून मराठी माणसाला हे दुरून ओळखीचं वाटतं. मुदांग जो विधी करते त्याला ‘गुत’ म्हणतात. ढोल, झांजा, नाच, रंगीबेरंगी अंगरखे, सुऱ्या, नैवेद्याला डुक्कर. जोसॉन काळात या बायका सर्वांत खालच्या वर्गात मोजल्या जात आणि तरी अडल्यानडल्याला सगळे त्यांच्याच दारात. 1970 च्या दशकात सरकारनं गावसुधारणेच्या मोहिमेत त्यांची देवळं अंधश्रद्धा म्हणून पाडली, पुढे त्यांचेच काही विधी सांस्कृतिक वारसा म्हणून जपायला घेतले. जेजू बेटावरचा एक गुत तर 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला.

आपल्या मुद्द्याच्या दृष्टीनं मुदांगचं काम कोणतं? तेच, त्या धीराच्या अधिकाऱ्याचं. मेलेल्याला बोलू द्यायचं. ती स्वतःच्या तोंडानं मृताचं गाऱ्हाणं मांडते, घरचे ऐकतात, रडतात, कधी भांडतात, आणि मग त्याला वाटेला लावतात. भुताला हाकलण्याआधी त्याचं ऐकून घेण्याची ही रीत ध्यानात घेतली की मग कोरियन सिनेमातला विधी नुसता देखावा वाटत नाही.

‘एक्झुमा’ (2024) हे जांग जे-ह्यूनचं काम. अमेरिकेत स्थायिक झालेलं एक गडगंज कोरियन घराणं, त्यांचं तान्हं बाळ रडायचं थांबत नाही. तरुण मुदांग ह्वा-रिम सांगते की तुमचा पूर्वज थडग्यात स्वस्थ नाही, थडगं हलवावं लागेल. मग जमिनीची जाण असलेला म्हातारा भूमितज्ज्ञ आणि प्रेतसंस्कार करणारा जोडीदार यांना घेऊन ते उत्तर कोरियाच्या सीमेजवळच्या एका डोंगरावर जातात. कोरियात थडग्याची जागा चांगली असेल तर वंशजांचं भलं होतं, वाईट असेल तर पिढ्या भोगतात, असं मानणारे आजही आहेत.

थडगं खणतानाचा गुत आवर्जून बघा. एकीकडे माणसं खणतायत, दुसरीकडे ह्वा-रिमचं काम करणारी किम गो-उन डुकरांच्या धुडांवर सुऱ्या चालवतेय, तोंडाला काळं फासतेय, निखाऱ्यात हात घालतेय. हेतू असा की थडग्यातून जे काही निघेल ते खणणाऱ्यांना सोडून त्या धुडांवर जावं. पारंपरिक पोशाखाखाली तिच्या पायात साधे कॅनव्हासचे बूट आहेत. हा तपशील मला फार आवडला. ही विशीतिशीतली कामावर आलेली मुलगी आहे, हे तेवढ्यानं कळतं, आणि तिच्या कामावर आपला विश्वास बसतो.

पुढे उघड होतं ते असं: तो श्रीमंत पूर्वज जपानी राजवटीचा हस्तक होता. जपाननं 1910 ते 1945 कोरियावर राज्य केलं. त्या काळात डोंगरांत लोखंडी मेखा ठोकून देशाचा प्राण तोडला, अशी समजूत कोरियात खोल रुजलेली आहे. इतिहासकारांना तिचा भक्कम आधार मिळालेला नाही, बऱ्याच मेखा जमीनमोजणीच्या असाव्यात असं मानलं जातं. दिग्दर्शकानं मात्र ती समजूत सिनेमाच्या मध्यभागी आणून रोवली. नायकांची नावं स्वातंत्र्यसैनिकांची आहेत, आणि गाड्यांच्या नंबरप्लेटवर 0815, 1945, 0301 असे आकडे: 15 ऑगस्ट 1945 ला जपानी राजवट संपली, 1 मार्च 1919 ला स्वातंत्र्याची चळवळ पेटली.

माझं मत स्पष्ट सांगतो. ‘एक्झुमा’चा पूर्वार्ध गेल्या काही वर्षांतला सर्वोत्तम भयपट आहे. उत्तरार्धात थडग्याखाली दुसरी, उभी पुरलेली शवपेटी सापडते, तिथवर श्वास रोखला जातो. पण त्यातलं अवाढव्य जपानी योद्ध्याचं भूत एकदा समोर येऊन उभं राहिलं की भीती उतरते. कारण या भुताचं म्हणणं ऐकण्यासारखं काही उरत नाही, त्याला फक्त हरवायचं असतं. सिनेमा त्या क्षणी जुन्या कोरियन रीतीतून बाहेर पडतो.  पण कोरियात त्याची एक कोटी एकोणीस लाखांवर तिकिटं गेली, म्हणजे तिथल्या लोकांना तो शेवट हवा होता हेही खरं.

आणि मग ना होंग-जिनचा ‘द वेलिंग’ (2016). लांबी 156 मिनिटं. दक्षिणेकडचं गोकसॉंग नावाचं डोंगराळ गाव, माणसं अंगावर फोड येऊन वेडी होतात आणि घरच्यांनाच मारतात. कुणी म्हणतं विषारी अळंबी खाल्ल्यात, कुणी म्हणतं जंगलात राहायला आलेला जपानी म्हातारा भूत आहे. जोंग-गू हा भित्रा, गबाळा पोलीस. त्याच्या लहान मुलीच्या अंगावर तेच फोड उठतात.

इतर सगळ्या सिनेमांत कुणी ऐकत नाही म्हणून अनर्थ होतो. इथे उलटी परिस्थिती आहे. सांगणारे तीन, आणि बाप तिघांचंही ऐकतो. दोस्ताची कुजबुज ऐकतो, पैसे घेऊन आलेल्या मांत्रिकाचं ऐकतो, पांढऱ्या कपड्यातल्या अनोळखी बाईचं ऐकतो, आणि ज्याच्यावर संशय आहे त्या परक्या माणसाला मात्र धड काही विचारत नाही. आधी मारायलाच जातो.

मधला गुत संकलनाचा धडा म्हणून बघावा. मांत्रिक अंगणात लाकडी खांबावर खिळे ठोकतोय. दुसऱ्या जागी जपानी म्हातारा स्वतःचा विधी करतोय. तिसऱ्या जागी मुलगी किंचाळतेय. खिळा बसतो, कट, म्हातारा कळवळतो. आपण लगेच जोडून टाकतो की मांत्रिक म्हाताऱ्याला मारतोय आणि मुलगी सुटणार. पण दोन दृश्यं शेजारी ठेवली म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं सिनेमानं कुठेही म्हटलेलं नाही. तो खिळा नेमका कुणाला लागत होता, हे शेवटी मांत्रिकाच्या पेटीतून फोटो सांडतात तेव्हा कळतं. अफवेवर विश्वास ठेवणाऱ्या बापाचं जे होतं तेच संकलक आपलं करतो.

शेवटी ती पांढऱ्या कपड्यातली बाई सांगते, कोंबडा तीनदा आरवेपर्यंत घरात जाऊ नकोस. फोनवर मांत्रिक सांगतो, ताबडतोब जा. बापाची नजर तिच्याजवळ पडलेल्या मुलीच्या केसातल्या पिनेवर जाते आणि तिच्यावरचा त्याचा विश्वास उडतो. तो धावत सुटतो. यात तो मूर्ख आहे असं मला एकदाही वाटलं नाही. आजारी पोर घरात असलेला कुठलाही बाप सांगेल त्याचं ऐकतो, हा डॉक्टर, तो वैद्य, हा देवऋषी. दिग्दर्शकाला हे पुरतं ठाऊक आहे, म्हणून तो बापाची टर उडवत नाही.

या सगळ्यांच्या शेजारी ‘गोंजियाम: हॉन्टेड असायलम’ (2018) ठेवून पाहिला. पडक्या मनोरुग्णालयातून थेट प्रक्षेपण करायला गेलेली पोरं, कॅमेरे त्यांच्याच अंगावर बांधलेले. दचकायला होतं, शेवटची वीस-पंचवीस मिनिटं चांगलीच अंगावर येतात. पण तिथे मेलेल्या रुग्णांचं काय झालं होतं, त्यांना काय सांगायचं होतं, हे सिनेमाला विचारावंसं वाटत नाही. तो दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात उरला नाही.

कुणाला सुरुवात करायची असेल तर माझा क्रम असा: आधी ‘ट्रेन टू बुसान’, मग ‘द होस्ट’, मग ‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’ आणि तो आठवड्याभरात पुन्हा. ‘एक्झुमा’ त्यानंतर. ‘द वेलिंग’ सर्वांत शेवटी, सलग आणि फोन बाजूला ठेवून. डब केलेली आवृत्ती घेऊ नका. गुत चालू असताना मुदांगचा आवाज कधी गाण्यातून रडण्यात आणि रडण्यातून दुसऱ्याच कुणाच्या आवाजात जातो, डबिंगमध्ये ते सगळं जातं. मूळ कोरियन आवाज आणि खाली सबटायटल, असंच बघा.